साताऱ्याच्या मैदानातलं गाणं

यांगचेनला कुणी गाणं म्हणायला सांगितलं की ती दाढ दुखत असल्यासारखा गालावर हात ठेवायची आणि म्हणायची, "गाणं आमच्या पालाला यायचं. मला दुकान येतं." हे उत्तर तिनं इतक्या जणांना दिलं होतं की ते तिच्या तोंडात अगदी गुळगुळीत झालं होतं. पाला म्हणजे वडील. तिबेटी भाषेत वडिलांना पाला म्हणतात हे कळलं तेव्हा माझे सासरे, आबा, खुर्चीत मागे रेलून हसले होते. आमच्याकडं पाला शेरडं खातात, असं ते म्हणाले. यांगचेनही हसली. मग तिनं विचारलं, शेरडं म्हणजे काय? शेळ्या, असं सांगितल्यावर ती पुन्हा एकदा, या वेळी नीट समजून, हसली.

ती दरवर्षी दिवाळी झाली की यायची. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या बंगलीला गॅरेज होतं आणि गाडी नव्हती. त्या गॅरेजात एका हिवाळ्यात ती भाड्यानं राहायला आली आणि मग येतच राहिली. कर्नाटकात मुंडगोडजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथली ती. लुधियानाहून आलेले स्वेटरांचे गठ्ठे घेऊन यायची आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या मैदानात, तिच्यासारख्याच इतर बायकांच्या ओळीत, ताडपत्रीचं दुकान मांडायची. संक्रांतीनंतर ऊन चटका द्यायला लागलं की उरलेला माल बांधून परत.

ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, पन्नाशीकडं झुकलेली. अंगात घोळदार तिबेटी झगा, त्यावर पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन आणि पायात साधी रबरी चप्पल. तिला पाहून गिऱ्हाइकं हमखास म्हणायची, तुम्हाला काय, तुम्हाला ही थंडी म्हणजे उन्हाळाच. यांगचेन मान डोलवायची. खरं म्हणजे सांगलीची थंडी तिला आमच्यापेक्षा जास्त बोचायची. ती जन्मली कर्नाटकात, मक्याच्या शेतांमध्ये. बर्फ तिनं फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. सकाळी मी कॉलेजात शिकवायला निघायचे तेव्हा ती शाल पांघरून कुडकुडत गॅरेजच्या पायरीवर बसलेली असायची, हातात चहाचा ग्लास आणि वाटीत भडंग. भडंगावर तिचा फार जीव. जाताना स्वेटरांच्या रिकाम्या गोण्यांतून ती भडंग भरून न्यायची.

गल्लीतल्या बायकांना तिचं नाव म्हणता येईना. कुणीतरी शांताबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. हाक आली की तीही ओ द्यायची. मी बरेच दिवस तिला शांताबाईच म्हणत होते. एकदा सहज विचारलं की तुमच्या नावाचा अर्थ काय, तेव्हा ती म्हणाली की यांगचेन म्हणजे तुमची सरस्वती, गाण्याची देवी. पालानं ठेवलं, पुढं ती म्हणाली, आणि देवीनं बघा काय केलं, आवाज दिला बेडकाचा. त्या दिवसापासून मी तिला यांगचेन म्हणायला लागले. ती मला टीचर म्हणायची. पुढं मी तिला अगं-तुगं करू लागले, ती मात्र शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणत राहिली. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

दुकानदार म्हणून ती अवघड होती. पैसे कानडीत मोजायची, घासाघीस मराठीत करायची आणि शेजारणींशी भांडण हिंदीत. भाव कमी करायची नाही. पण एखाद्या बाईनं आवडीनं गुलाबी स्वेटर अंगाला लावून पाहिला, तर यांगचेन आरसा धरता धरता सांगून टाकायची, "तुमाला बरा न्हाई दिसत हा. पिवळट दिसताय." गिऱ्हाईक तडक उठून जायचं. मी म्हणायचे, अगं, गप्प बसायचं. ती म्हणायची, टीचर, घरी गेल्यावर तिचा नवरा सांगणारच की. त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

गॅरेजात एका फळीवर तिनं देव मांडला होता. शेजारी आईचा फोटो होता. वडिलांचा नव्हता. विचारलं तर म्हणाली, त्याचा फोटो कुणी काढलाच न्हाई. मग लगेच उठून काहीतरी आवरायला लागली.

महापुराच्या वर्षानंतर करोनाची साथ जगभर पसरली आणि पुढच्या हिवाळ्यात ती आली तेव्हा आमची गल्ली बदललेली होती. गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की चायनीज लोकांना भाड्यानं ठेवताना विचार करावा. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. गॅरेज गल्लीत एकच होतं. मी त्याखाली काहीतरी मवाळ लिहिलं आणि हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. यांगचेनकडं मोबाइल होता आणि हिंदी येत असल्यानं तिला ती अक्षरंही वाचता यायची. कुणीतरी तिला दाखवलं असणार. त्या दिवसापासून ती पायरीवर बसायची बंद झाली. आत बसून चहा प्यायची आणि एकटी असतानाही तोंडावर मास्क ठेवायची. आबांनी ते पाहिलं. त्यांनी खुर्ची उचलली, फौजेतला जुना हिरवा स्वेटर चढवला आणि फाटकात जाऊन बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला, कुणी विचारलं नसतानाही, सांगायचे, "आत माझी पाव्हणी हाय. काय काम हाय का?"

आबा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका गावचे. फौजेत त्यांची बरीच वर्षं उत्तरेच्या सरहद्दीवर गेली होती. एका दुपारी ते यांगचेनला म्हणाले की तुझा मुलूख मी बघितलाय. लांबून, दुर्बिणीतून, पण बघितलाय. ती स्वेटरांना भावाच्या चिठ्ठ्या टाचत होती. तिनं टाचण्यांची डबी बाजूला ठेवली.

"कसा हाय?"

"आमच्या माणसारखा," आबा म्हणाले. "उघडाबोडका. झाड न्हाई, झुडूप न्हाई. डोंगर आन् मेंढरं. फकस्त थंडी लय."

तिनं हे दोनतीनदा विचारून घेतलं. रंग कसा, माती कसली, आभाळ कसं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "टीचर, मला माण बघायचाय."

आबांचं दहिवडीला बँकेत काम होतंच. आम्ही तिघं गेलो. काम उरकून आबांनी आम्हाला गावाबाहेरच्या माळावर नेलं. दुपारची वेळ होती. वारा सुटला होता. खालच्या अंगाला एक मेंढपाळ आपला कळप घेऊन चालला होता. यांगचेन रबरी चपला सावरत टेकडावर चढली आणि चहूकडं बघत उभी राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी पर्समधला रुमाल हाताशी काढून ठेवला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इथं माणसं राहतात?"

"राहत्यात की. आमी ऱ्हायलो," आबा म्हणाले.

"मग पाला का सांगायचा की स्वर्ग हाय म्हणून?"

आबा हसले. म्हणाले, मलाही सरहद्दीवर असताना हा माळ स्वर्गच वाटायचा. ती खाली बसली, एक दगड हातात घेऊन त्याची माती पुसत राहिली. मग माझ्याशी नाही, आबांशी, हळू आवाजात बोलली. अशा जागेचं पालाचं एक गाणं होतं. मला आठवत न्हाई. मी कधी नीट ऐकलंच न्हाई. तिची मान खाली होती. मला ते दुःख वाटलं आणि मी मघाचा रुमाल पुढं केला. तिनं तो घेतला आणि दगड पुसायला वापरला. ते दुःख नव्हतं हे मला पुढं साताऱ्याची एक फिल्म पाहिल्यावर कळलं.

आमच्या कॉलेजात जाधव सर फिल्म क्लब चालवायचे. महिन्यातून एकदा सभागृहात सिनेमा, त्यावर चर्चा, मग चहा. मुलूख सुटलेल्या माणसांवरचे चित्रपट आणि त्यांची गाणी असा विषय त्यांनी एकदा घेतला. शोधताना त्यांना एक जुनी छोटी फिल्म मिळाली. पुण्यात सिनेमा शिकणाऱ्या एका तरुणानं कित्येक वर्षांपूर्वी साताऱ्याला येऊन, मैदानात स्वेटर विकणाऱ्या तिबेटी लोकांवर केलेली. तुमच्याकडं राहणाऱ्या त्या बाई पाहुण्या म्हणून येतील का, असं सरांनी मला विचारलं. त्यांच्या पोशाखात आल्या, शेवटी एखादं मायदेशाचं गाणं म्हटलं, तर कार्यक्रमाला उठाव येईल.

मी निरोप सांगितला. यांगचेनचा हात गालावर गेला. मग मी फिल्म साताऱ्याची असल्याचं सांगितलं आणि तो हात खाली आला.

"कुठलं मैदान?"

ते मला माहीत नव्हतं. त्यात एक माणूस वाद्य वाजवून गातो, एवढं सरांनी सांगितलं होतं. ती समोरच्या स्वेटरची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. तीच घडी पुन्हा मोडली. शेवटी म्हणाली, "येते. पण पुढं बसणार न्हाई."

कार्यक्रमाच्या दिवशी ती मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसली. मी तिच्या शेजारी. दिवे गेले आणि पडद्यावर उडालेल्या रंगांचा सातारा आला. मागे अजिंक्यतारा, पुढं ताडपत्र्यांची रांग. एका दुकानापुढं स्वेटरांच्या गठ्ठ्यावर पन्नाशीचा एक माणूस बसलेला, मांडीवर लांब मानेचं, सहा तारांचं वाद्य. पाय जमिनीवर आपटत, मान हलवत तो गात होता. आवाज भरडा होता पण त्यात एक उसळी होती. पडद्याखाली इंग्रजी ओळी येत होत्या; वसाहतीच्या शाळेत शिकलेल्या यांगचेनलाही त्या वाचता येत होत्या. हे बर्फाच्या शिखरांनो, तुमच्यावाचून मी पोरका झालो. हे माझ्या देशा, मरण्याआधी एकदा तुझी माती दाखव. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. माझेही डोळे भरून आले. मी यांगचेनकडं पाहिलं. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्याकडं बघत होती आणि एकसारखी मान हलवत होती, नाही, नाही, अशी.

मग कॅमेरा दुकानाकडं वळला. आत दोन वेण्यांची, जीनचं जाकीट घातलेली एक मुलगी पाठ करून उभी होती. कॅमेऱ्यामागच्या तरुणानं मराठीत विचारलं, हे तुझे वडील का?

"न्हाई," मुलगी म्हणाली.

"मग कोण?"

"हाय एक येडा. आमच्यात येऊन बसतो."

एवढं बोलून ती चौकटीबाहेर निघून गेली. मागं तारा क्षणभर थांबल्या. त्या माणसानं ती गेली त्या दिशेला पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं पाहून हसला आणि पुन्हा वाजवायला लागला. खाली पुन्हा शिखरं आली, बर्फ आला, माती आली. फिल्म संपली.

जाधव सर मनापासून बोलले. ज्यांना आवाज उरत नाही त्यांना सिनेमा आणि संगीत कसा आवाज देतात, देश हरवला तरी गाणं कसं हरवत नाही, असं. मग चर्चा. एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली की त्या बाबांनी मला रडवलं, पण त्या मुलीचा राग आला. आपली मुळं विसरणारी पिढी अशीच असते. बऱ्याच माना हलल्या.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. यांगचेन उभी राहिली होती.

"ती पोरगी मी हाय," ती म्हणाली.

सगळे मागं वळले. सरांनी तिला माइकपाशी यायची विनंती केली, ती जागची हलली नाही. दाराशी उभी राहून, पुढच्या खुर्चीची पाठ धरून बोलली. "आणि खाली लिवलंय ते त्यानं म्हटलेलं न्हाई. डोंगराचं काय म्हटलं न्हाई पालानं. तो माझ्यावर गाणं करत होता. सगळ्यांसमोर."

मग तिनं सांगितलं. तिच्या वडिलांना समोर दिसेल त्याच्यावर गाणं जुळवायची सवय होती. त्या दिवशी सकाळी ती त्यांच्याशी भांडून न जेवता दुकानात आली होती. ते गात होते की माझी यांगचेन सकाळपासून उपाशी आहे, रुसली की थेट आईसारखी दिसते, हिला जो हसवील त्याला लाल स्वेटर फुकट. आजूबाजूच्या दुकानांतले तिबेटी लोक खो खो हसत होते. ते हसतात म्हणून साताऱ्याची पोरंही जमून हसत होती. तिचं वय तेव्हा विशीच्या आतलं. "मला लाज वाटली," ती म्हणाली. "म्हणून तसं बोलले."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात म्हणाले की खरं काय ते असू दे, पण लिहिलेलंच जास्त चांगलं वाटतं. त्यांना वाटलं त्यापेक्षा ते मोठ्यानं बोलले होते. जाधव सर गोंधळून आभार मानायला लागले आणि मध्येच, प्रसंग सावरावा म्हणून, तिला म्हणाले की ताई, शेवट एखाद्या तुमच्या देशाच्या गाण्यानं करू या का? तिचा हात गालावर गेला. "आमच्या देशाचं गाणं मला येत न्हाई," ती म्हणाली आणि दार लोटून बाहेर पडली. तिनं झगा धुऊन, इस्त्री करून घातला होता. तो आम्ही सांगितला म्हणून घातला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं नाही. आबा काठी टेकत गॅरेजाशी गेले आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. तिनं त्यांना सगळं सांगितलं, आम्हाला सभागृहात सांगितलं तेवढंच. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् मग बाप काय म्हणला?" ती उठून त्यांना चहा टाकायला आत गेली.

जाधव सरांनी एक चांगलं केलं. फिल्म करणाऱ्याचा पत्ता शोधून त्याला घडलेलं कळवलं. तो आता केस पिकलेला गृहस्थ होता, मुंबईत जाहिराती करायचा. त्याचा यांगचेनला फोन आला तेव्हा मी तिथंच होते. तो फार ओशाळला होता. त्यानं सांगितलं की गाण्याचा अर्थ त्यानं शेजारच्या दुकानातल्या एका पोराला विचारला होता. पोरगा आधी हसला, मग गंभीर होऊन म्हणाला, देशाचं गाणं आहे. बाकीच्या ओळी यानं पुण्याला जाऊन स्वतःच रचल्या. यांगचेन म्हणाली, त्या पोराचं काय चुकलं? घरातलं भांडण बाहेरच्या माणसाला कोण सांगेल? तो म्हणाला की तुम्ही खरे शब्द दिलेत तर मी ओळी बदलतो. आणि तुमची इच्छा असेल तर ते मुलीचं दृश्यही काढून टाकतो.

"ते काढू नका," ती म्हणाली. "ते काढलं तर पुढचं गाणं कुणाला हाय ते कसं कळंल?"

पुढचं गाणं म्हणजे काय ते मला समजलं नाही. दोन दिवसांनी आम्ही व्हरांड्यात माझा लॅपटॉप घेऊन बसलो. ती एक कडवं ऐकायची, हात वर करायची, मी थांबवायचे. मग ती मराठीत सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. आबा शेजारी डोळे मिटून ऐकत होते. रुसलेली यांगचेन झाली, आईसारखा चेहरा झाला, लाल स्वेटर झाला. मग तिचं ते 'न्हाई' आलं. मी नकळत फिल्म पुढं सरकवायला हात नेला. तिनं माझं मनगट धरून बाजूला केलं आणि ते सगळं ऐकलं. हाय एक येडा. आमच्यात येऊन बसतो. तारा थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

त्या दिवशी मैदानात ती तिथून निघून पार टोकाला, नळाकडं गेली होती. पुढचं कडवं तिनं तेव्हा ऐकलंच नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या सभागृहात, दाराजवळच्या खुर्चीत बसून, बाकीचे सगळे बर्फाच्या ओळी वाचत असताना.

"लिवा," ती म्हणाली. "पोरगी खरं सांगते. मी येडाच हाय, हिचा कोण न्हाई. पण स्वेटर चांगले हायत, घेऊन जा. आणि हिला कोण हसू नका."

मी लिहिलं. फाटकाबाहेरून भाजीवाला ओरडत गेला. आबा डोळे न उघडताच म्हणाले, "लय मोठा माणूस."

"मोठा न्हाई हो," यांगचेन म्हणाली. "संध्याकाळी त्यानं मला भात वाढला. मी जेवले. तो काय बोलला न्हाई, मी पण न्हाई. पुढच्या वर्षी साताऱ्याला आलो तवा त्यानं वाद्य आणलं न्हाई. मी आणू नको म्हटलं नव्हतं. पण का आणलं न्हाई, हे पण विचारलं न्हाई. त्याच्यानंतरच्या वर्षी पण न्हाई. मग तो गेलाच." ती एप्रनची किनार बोटांनी सरळ करत होती. "इतकी वर्षं मला वाटायचं, त्यानं ऐकलं नसंल. मी हळू बोलले होते."

त्यानंतर ती कुणी न विचारता वडिलांबद्दल बोलायला लागली. ते गिऱ्हाइकाच्या टकलावर गाणी करायचे, बसकंडक्टरवर करायचे, एकदा साताऱ्याच्या फौजदारावर केलं आणि त्याला ते देवाचं आहे असं सांगितलं. फौजदारानं हात जोडले. हे सांगताना ती हसायची. फळीवर आईच्या फोटोशेजारी तिनं फिल्ममधून काढून घेतलेलं चित्र लावलं. ते कॅमेऱ्याकडं बघून हसतानाचं होतं, म्हणजे ती निघून गेल्यानंतरचं.

पुढच्या हिवाळ्यात ती आली ती बातमी घेऊनच. नव्या ओळी घातलेली फिल्म त्यांच्या वसाहतीत दाखवली होती. तिथल्यांना खालच्या ओळींची गरजच नव्हती. म्हातारी माणसं पहिल्या कडव्यापासून हसायला लागली. काहींनी तिच्या वडिलांबरोबर हिवाळे काढले होते. ती 'न्हाई' म्हणाली तेव्हा मात्र सगळं गप्प झालं. शेवटच्या कडव्याला कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. संपल्यावर ऐंशीच्या पुढची एक म्हातारी तिच्यापाशी आली आणि सगळ्यांदेखत तिचा कान जोरात पिळला. मग झग्याच्या खिशातून बिस्कीट काढून तिच्या हातात दिलं. यांगचेन म्हणाली, टीचर, पन्नाशीत कान पिळून घेतला. अजून दुखतो. आणि तिनं तो कान असा चोळला जणू त्या दुखण्याचं तिला बरं वाटत होतं.

"तुमच्यात लोक रडले, आमच्यात हसले," ती म्हणाली. "पालाला हसलेलं आवडलं असतं."

आमच्यात रडले, हे ती तक्रार म्हणून म्हणाली नव्हती. तरी ते मला लागलं.

तिचा आमच्याकडचा शेवटचा हिवाळा गेल्या वर्षीचा. गुडघे धरले होते, लोक मोबाइलवरून घरबसल्या स्वेटर मागवायला लागले होते आणि बंगळुरूला नर्स असलेली मुलगी आता पुरे म्हणत होती. उरलेला माल तिनं मैदानातल्या दुसरीला दिला. आबांनी गावाकडचे हुलगे बांधून दिले. कसे खायचे ते तिनं त्यांच्याकडून दोनदा समजून घेतलं. फाटकापाशी उभे राहून त्यांनी तिला सलाम केला, फौजेतला.

मी तिला सांगली स्टँडवर सोडायला गेले. दुपारचं ऊन होतं. हुबळीची गाडी फलाटाला लागलेली होती, ड्रायव्हर अजून चहाला गेलेला. सामान चढवून झालं, ती खिडकीजवळ बसली आणि मी खाली उभी राहिले. इकडचं तिकडचं बोलत होतो. शेजारच्या बाकड्यावर तीनचार मुलं मोबाइल बघत बसली होती. त्यातल्या एकानं खिडकीकडं पाहिलं, बोटांनी आपले डोळे ओढून बारीक केले आणि चिनी बोलल्यासारखं काहीतरी मोठ्यानं चिवचिवला. बाकीचे हसले. त्यांच्या गळ्यात ओळखपत्रांच्या फिती होत्या. त्या फितींवर आमच्या कॉलेजचं नाव होतं.

मी मुलांकडं वळले. तोंड उघडलंही होतं. वरून यांगचेननं माझा खांदा धरला. दुसऱ्या हातानं पिशवीतून एक लोकरी माकडटोपी काढली आणि त्या टळटळीत उन्हात कानांवरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"टीचर, काय म्हणालात?" ती मोठ्यानं म्हणाली, त्या मुलांनाही ऐकू जाईल असं. "गाडीचा आवाज लय हाय. मला काय ऐकू येत न्हाई."

गाडी अजून सुरूच झाली नव्हती.